तिथे आता कोण राहते?

नॉर्वेतल्या उरनेसच्या लाकडी चर्चच्या आवारात एक वृद्ध बाई एका थडग्यापुढच्या फुलझाडांना पाणी घालत होत्या. आवाराच्या कोपऱ्यात नळ होता, शेजारी खुंट्यांवर हिरव्या झाऱ्या टांगलेल्या होत्या, आणि त्यांतली एक घेऊन त्या तिसऱ्यांदा माझ्यासमोरून जाऊ लागल्या तेव्हा मी मदत करू का असे विचारले. नळापासून थडग्यापर्यंतच्या दोन खेपांत आमची ओळख झाली: मी कुठली, इकडे कशी, नाव काय. आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याची फोड करून सांगितली. आधी गावाचे नाव आणि त्यापुढे ‘कर’, म्हणजे त्या गावचे. त्यांनी झारी खाली ठेवली. ‘हे तर अगदी आमच्यासारखेच,’ असे म्हणत त्यांनी दगडावर कोरलेल्या आडनावावर बोट ठेवले, आणि मग तेच बोट वर उतारावरच्या एका पांढऱ्या घराकडे नेले. दगडावरचे आडनाव त्या घराचे होते. त्यानंतर त्यांनी सहज विचारले, ‘आणि तुमच्या त्या जागी आता कोण राहते?’ मला ठाऊक नव्हते आणि मी तसे सांगितले. त्यांनी ‘या’, म्हणजे ‘हो’, असा होकार दिला, पण तो श्वास आत ओढत, एखाद्याला चटका बसावा तसा. नॉर्वेत होकार असा श्वास आत घेऊनही देतात, हे मला तोवर माहीत नव्हते. माझ्या उत्तराने त्या दचकल्या असेच मला वाटले.

सत्तावीस वर्षे मी ते नाव लिहीत आले आहे आणि त्या गावात माझे पाऊल एकदाही पडलेले नाही.

ते गाव राजापूर तालुक्यात आहे, एवढे मला माहीत होते. माझ्या माहेरचे आडनाव वृत्तीवरून आलेले, त्यामुळे लहानपणी ‘तुमचे गाव कोणते’ या प्रश्नाला आडनावात उत्तर नसे. लग्न झाले आणि नावाबरोबर एक आख्खे गाव पदरात आले. सासऱ्यांचे आजोबा पोटासाठी मुंबईला आले ते तिकडचेच झाले. सासरे गिरगावात वाढले आणि नोकरीने पुण्यात आले. गावाशी उरलेला संबंध म्हणजे देवीच्या उत्सवाची वर्षाची वर्गणी. ती पाठवली की काही दिवसांनी एक पाकीट येते. त्यात कागदाच्या पुडीत अंगारा, दुसऱ्या पुडीत कुंकू आणि कधीकधी एखादे वाळलेले फूल असते. सासरे ते पाकीट डोळ्यांना लावून देवघराच्या खणात ठेवत. ते गेल्यापासून मी ठेवते.

मुलगी बर्गनला शिकते. जुलैच्या अखेरीस तिने चार दिवस सवड काढली आणि आम्ही दोघी बोटीने सोग्नेफियॉर्डमधून आत निघालो. फियॉर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. दोनशे किलोमीटरहून लांब आणि सर्वांत खोल ठिकाणी तेराशे मीटर असलेल्या त्या पाण्याचे शेवटचे टोक ज्या भागात आहे, तो भाग म्हणजे लुस्तर ही नगरपालिका. मराठीत ‘नगरपालिका’ म्हटले की डोळ्यांसमोर जे येते त्यातले इथे काहीच नाही. लोकवस्ती सुमारे पाच हजार आणि विस्तार बृहन्मुंबईच्या चौपटीहून मोठा. नॉर्वेत स्थानिक कारभाराची ही पद्धत १८३८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून लुस्तर आहे. १९६३ मध्ये हाफ्सलो आणि योस्तेदाल हे शेजारी तिच्यात आले. आपल्याकडे गाव म्हणजे एकाला एक लागून घरे, देऊळ, पार, विहीर. इथे प्रत्येक शेताचे घर आपापल्या उतारावर एकटे उभे असते, आणि त्या शेताला, घराला, गोठ्याला मिळून एकच नाव असते. नॉर्वेजियन शब्द ‘गार’. मी मनातल्या मनात त्याला ‘वाडी’ म्हणू लागले, कारण कोकणातल्या वाडीसारखेच पोस्टमनचे काम त्या नावावर होत असणार.

सोल्वोर्नहून उरनेसला लहानशी फेरीबोट जाते. पाणी हिमनद्यांच्या पिठासारख्या गाळामुळे दुधट हिरवे असते. ताकात पुदिना वाटून घातल्यावर जो रंग येतो, त्याच्या जवळ जाणारा. पलीकडच्या धक्क्यावरून चर्चपर्यंतचा चढ रासबेरीच्या मळ्यांच्या कडेने जातो. चर्च दिसण्याआधी त्याचा वास येतो. या चर्चना पाइनचे लाकूड भट्टीत मंद जाळून काढलेले डांबर पुन्हा पुन्हा लावतात, आणि उन्हाने ते तापले की धुरकट, किंचित गोडसर वास सबंध आवारात भरून राहतो. मुलगी म्हणाली, आजोबांच्या ट्रंकेसारखा वास येतो. तसा तो येत नव्हता, पण तिला काय म्हणायचे होते ते मला कळले.

चर्च साधारण ११३० च्या सुमाराचे. खांब जमिनीत न पुरता दगडांवर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे केलेले आहेत, म्हणून ते टिकले. त्याआधीच्या चर्चचे खांब मातीत पुरलेले असत आणि बुंध्यापासून कुजत. आज नॉर्वेत अशी अठ्ठावीस चर्च शिल्लक आहेत. उरनेस १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, बर्गनच्या ब्रिगेन धक्क्याबरोबर. नॉर्वेची ती पहिलीच दोन नावे. पण मला ज्याने धरून ठेवले ते उत्तरेच्या भिंतीतले दार. ते या चर्चपेक्षाही जुने आहे. अकराव्या शतकातल्या आधीच्या चर्चच्या कोरीव फळ्या नवे चर्च बांधताना जपून या भिंतीत बसवल्या, जसे आपल्याकडे जुना वाडा उतरवताना गणेशपट्टीची चौकट नव्या घराला लावतात. डावीकडे एक चतुष्पाद प्राणी आहे, मान खाली वळवलेला. तो एका सापासारख्या प्राण्याला चावतो आहे आणि तो सापही उलटून त्यालाच चावतो आहे. अंगे इतकी बारीक होत जातात की कुठे एक संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो हे बोटाने माग काढल्याशिवाय समजत नाही. हात लावायला परवानगी नाही, म्हणून मी हवेतच बोट फिरवत राहिले. जाड रेघ, तिला वळसा घालणारी पातळ रेघ, पुन्हा जाड. लाकूड उन्हापावसाने राखाडी झालेले आहे आणि त्याच्या शिरा वर आलेल्या आहेत, म्हाताऱ्या हातावर येतात तशा. या शैलीला कलेच्या इतिहासात उरनेस शैली म्हणतात. म्हणजे एका वाडीचे नाव आधी चर्चला लागले आणि मग उत्तर युरोपभरच्या एका कलापद्धतीला. ‘नेस’ म्हणजे पाण्यात घुसलेले जमिनीचे नाक. फेरीतून वळून पाहिले की ते नाक स्पष्ट दिसते.

त्या बाईंनी दाखवलेल्या दगडापाशी मी पुन्हा गेले होते. नॉर्वेत थडग्याची जागा साधारण वीस वर्षे विनामूल्य असते. त्यानंतर घरच्यांनी शुल्क भरून मुदत वाढवायची. भरणारे कोणी नसेल तर दगड काढला जातो आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. त्यामुळे हिरव्या झारीने पाणी घालणे हे नुसते सोपस्काराचे काम नाही. इथे या माणसाचे कोणी आहे, असे ते दर आठवड्याला सांगणे असते. आणि दगडावरचे आडनावही मी आता वेगळे वाचू लागले. पूर्वी इकडे माणसाला स्वतःचे नाव असे, मग बापाच्या नावावरून आलेले नाव, ओलाच्या मुलाचे ‘ओल्सन’ आणि मुलीचे ‘ओल्सदत्तर’, आणि शेवटी राहत्या वाडीचे नाव. हे शेवटचे नाव खरे म्हणजे पत्ता होता. वाडी बदलली की ते बदले. घरजावई झालेला पुरुष बायकोच्या वाडीचे नाव लावी आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. बाई लग्न होऊन दुसऱ्या वाडीवर गेली तर तिचा पत्ता बदले, पण ती आपल्या बापाची ‘दत्तर’ शेवटपर्यंत राही. प्रत्येक कुटुंबाला कायमचे आडनाव हवे, असा कायदा १९२३ मध्ये झाला आणि मग वाडीची नावे माणसांना घट्ट चिकटली. बाक्के म्हणजे चढ, हाउगेन म्हणजे टेकाड, दाल म्हणजे दरी, असे अर्थ मुलगी मला एकेका पाटीवरून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि आम्ही गाउप्नेला, म्हणजे लुस्तरच्या कारभाराच्या गावी, वाचनालयात जाऊन बसलो. तिथे बिग्देबोक पाहायला मिळाली. नॉर्वेच्या बहुतेक भागांची अशी पुस्तके आहेत: जाडजूड खंड, आणि त्यात गोष्ट वाडीवार सांगितलेली. आधी वाडीचा क्रमांक आणि नाव, मग ती कसणाऱ्यांची ओळ, एकाखाली एक, प्रत्येकाची बायको, मुले, जन्म, मृत्यू, आणि कोण कुठे गेले. मजकूर निनॉर्स्कमध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एकात, होता, त्यातले मला काही वाचता येत नव्हते, पण मांडणी आपोआप उलगडत होती. पानापानावर काही नावांपुढे दोनच शब्द होते: ‘तिल अमेरिका’. अमेरिकेला. चार भावंडांपैकी तिघांच्या पुढे तेच. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत नॉर्वेतून सुमारे आठ लाख माणसे तिकडे गेली आणि सोग्नच्या या अरुंद दऱ्यांतून तर पुष्कळच. मी आपल्या सातबाऱ्याचा विचार करत होते. त्यात जमीन आहे, पीक आहे, बोजा आहे, वारसांची नावे आहेत. पण त्या घरात कोणी दळले, कोण परत आले नाही, हे त्यात लिहिलेले नसते. या पुस्तकात एका अविवाहित बहिणीपुढे ती आयुष्यभर भावाच्या घरी राहिली एवढी नोंद होती. मुलीने ती मला वाचून दाखवली. पुढचा अर्धा तास मी दुसरे पान उलटले नाही.

एक गोष्ट मात्र मला सोप्या कौतुकापासून अडवत राहिली. वाडीचे नाव आणि वाडीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जमीन घराण्यात राहावी म्हणून इकडे ‘ओदेल’ नावाचा फार जुना हक्क आहे. तो रद्द करता येणार नाही असे १८१४ च्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे. पण तो थोरल्याचा. १९७४ च्या कायद्याने मुलगा-मुलगी हा भेद काढला, त्याआधी तो थोरल्या मुलाचा. धाकट्यांनी काय करायचे, त्याचे उत्तर त्या दोन शब्दांत होते. आणि ज्यांची जमीनच नव्हती, दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी बांधून मजुरीच्या बदल्यात राहणारे ‘हुसमान’, त्यांचेही पत्ते त्याच वाडीच्या नावाने लिहिले जात. त्यांच्या मुलानातवंडांनी अमेरिकेत, मिनेसोटात, त्या नावाचे आडनाव केले, आणि आता पणतवंडे उन्हाळ्यात गाड्या घेऊन येतात, पाटीपाशी उभी राहून फोटो काढतात. आपल्या ‘कर’ मंडळींचेही असेच आहे. एकाच गावाच्या नावाने ब्राह्मण, भंडारी, गुरव, गाबीत सगळे ओळखले जातात, पण गावात त्यांच्या विहिरी एक नव्हत्या. आडनाव सारखे असल्याने आता ते दिसत नाही, एवढेच.

योस्तेदालला आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी इथल्या डोंगरमाथ्यावर पसरलेली आहे आणि तिची एक जीभ दरीत उतरते. तिचे नाव निगार्सब्रेन. ‘ब्रे’ म्हणजे हिमनदी, आणि निगार हे एका वाडीचे नाव. अठराव्या शतकात थंडी वाढली तशी ही जीभ वर्षावर्षाला पुढे सरकली, कुरणे गिळली आणि शेवटी निगार वाडीवर आली. १७४८ च्या सुमारास ती सर्वांत पुढे होती. तेव्हापासून ती मागे हटते आहे, आणि तिने रिकाम्या केलेल्या जागेत आता तळे आहे, त्यात बोट चालते. आम्ही खडकावर बसून त्या निळसर, मळक्या बर्फाकडे पाहत होतो. वाडीचा मागमूस नाही, घर नाही, कसणारे नाहीत. नाव उरले ते वाडी खाणाऱ्याकडे. मुलीला हे फार भयंकर वाटले. मला तितके वाटले नाही. धरणाखाली गेलेल्या गावांची नावे धरणांना मिळालेली आपण पाहिलेली आहेत, आणि त्या नावाने निदान नळाचे पाणी तरी प्यायलेलो आहोत.

याच दरीत एक दंतकथा सांगतात. १३४९ मध्ये मरीची साथ आली तेव्हा काही कुटुंबे फियॉर्डकाठ सोडून योस्तेदालमध्ये येऊन राहिली. बाहेरच्यांनी येऊ नये, निरोपाची पत्रे एका दगडाखाली ठेवावीत, असे ठरले होते. साथ तरीही आली. बऱ्याच काळाने लोक वर गेले तेव्हा एक लहान मुलगीच जिवंत सापडली, आणि ती माणसे पाहून रानपाखरासारखी पळत सुटली. तिला ‘रीपे’ म्हणू लागले. रीपे हा हिवाळ्यात पांढरा होणारा डोंगरी पक्षी. कथा खरी असो वा नसो, साथीने नॉर्वेतली निम्म्याहून अधिक माणसे नेली असे इतिहासकार मानतात, आणि असंख्य वाड्या रिकाम्या पडल्या. अशा वाडीला एक सरसकट नाव मिळाले: ओसाड वाडी. नॉर्वेजियनमध्ये ‘ओडेगोर’. पुढे तिथे पुन्हा माणसे राहायला आली, पण नाव तेच राहिले आणि कायद्याने आडनाव झाले. फुटबॉल पाहणाऱ्यांना मार्टिन ओडेगार्ड माहीत असेल. मला आपल्या महसुली दप्तरातला शब्द आठवला, बेचिराग. ज्या गावात दिवा लागत नाही असे गाव. गावांच्या याद्यांमध्ये तो शब्द कोरडेपणाने एका रकान्यात लिहिलेला असतो, आणि मला तो नेहमी संध्याकाळच्या वेळेला आठवतो.

शेवटचा थांबा शोल्डेन. फियॉर्ड इथे संपतो. ऑस्ट्रियाचा तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन १९१३ मध्ये इथे पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी त्याने एईड्सवात्ने तळ्यावरच्या कड्यावर स्वतःसाठी लहान घर बांधवून घेतले. १९५८ मध्ये ते सुटे करून गावात नेले होते. २०१९ मध्ये ते पुन्हा मूळ जागी उभे राहिले. आम्ही दमत दमत चढलो. तत्त्वज्ञान मला फारसे कळत नाही, पण खाली पाहिल्यावर एवढा एकांत मागणारा माणूस कसा असेल, याचा थोडा अंदाज आला. माझ्या मनात राहिले ते गावकऱ्यांनी त्या घराला दिलेले नाव. ते त्याला ‘ओस्टेरिके’ म्हणत, म्हणजे ऑस्ट्रिया. इथल्या रीतीने पाहिले तर माणसाला राहत्या वाडीचे नाव मिळायला हवे होते. पण हा माणूस ज्या ठिकाणाहून निघून आला, ते ठिकाणच लोकांनी कड्यावर नेऊन बसवले.

तिथे बसल्यावर मला त्या बाईंचा प्रश्न नीट समजला. त्यांच्या नावाची रीत राहण्याची आहे: जिथे राहतो त्याचे नाव. म्हणून नाव ऐकले की तिथे कोण राहते, हे विचारणे त्यांना ‘जेवण झाले का’ इतके सहज आहे. आमचे ‘कर’ बहुतेक वेळा निघून आल्यावर लागलेले असते. गावात असताना कोणी स्वतःला गावाच्या नावाने हाक मारत नाही. ते नाव मुंबईच्या चाळीत, शाळेच्या दाखल्यावर, गिरणीच्या हजेरीपटावर उपयोगी पडते. मी ज्याला गाव मिळाले समजत होते, ते गाव सुटल्याचे नाव होते. हे कळून मला वाईट वाटले का, हे मुलीने विचारले. वाटले, आणि थोडे हलकेही वाटले. तिथे न जाण्याचा दोष सत्तावीस वर्षे जो मी स्वतःकडे ठेवला होता, तो चार पिढ्यांत वाटला गेला.

परतीच्या दिवशी थोडा वेळ हाताशी होता म्हणून मी एकटी फेरीने पलीकडे उरनेसला जाऊन आले. बाई नव्हत्या. थडग्यापुढची माती ओली होती, पण रात्री पाऊसही झाला होता, त्यामुळे त्या येऊन गेल्या की नाही हे सांगता येत नव्हते.

पुण्यात आल्यावर मी देवघराचा खण उघडला. पाकिटे एकावर एक ठेवलेली होती, सासऱ्यांच्या वेळची आणि माझ्या वेळची. इतकी वर्षे मी ती फक्त समोरच्या बाजूने पाहिली होती, जिकडे आमचा पत्ता असतो. उलटून पाहिले तर प्रत्येकावर पाठवणाऱ्याचे नाव, वाडी आणि घर क्रमांक होता. जुन्या पाकिटांवर एक थरथरते, गोल अक्षर. अलीकडच्या चार पाकिटांवर दुसरे, शाळेत शिकवलेले असते तसे नीटस. शेवटच्या पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मोबाइल नंबर लिहिलेला होता. मी फोन लावला. एका बाईंनी उचलला. मागे पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू येत होता आणि कोणीतरी भांडी आपटत होते. मी आडनाव सांगितले.

‘इथं सगळेच तसे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी मूळचे कोण?’

मी सासऱ्यांचे नाव सांगितले, मग त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे. आजोबांच्या नावाला त्या थांबल्या, आत कोणाला तरी हाक मारून विचारले, आणि परत आल्या. वरच्या अंगाला फणसाजवळचे घर ते आमचे, म्हणाल्या. घर पडले त्याला पुष्कळ वर्षे झाली, जोते आहे आणि मागची पडवी तेवढी उभी आहे. मी विचारले, तिथे आता कोण राहते? त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पावसाचे चार महिने आमची गाय बांधतो तिथं. वासरू आहे तिचं. चालेल ना तुमाला?’